ओसरीवरून : खेकड्याच्या रक्तांतील घरप्रपंच

पंचतंत्राच्या पांचव्या तंत्राच्या अखेरीस ब्रह्मदत्त नांवाच्या एका ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो कामानिमित्त परगांवीं निघाला तेव्हां त्यानें एकट्यानें जाऊं नये असें त्याच्या आईला वाटलें. सोबतीला माणूस मिळेना, म्हणून तिनें पाण्यांतून एक खेकडा आणून त्याच्या हातीं दिला. ब्राह्मणानें तो कापराच्या पुडींत ठेवून बरोबर घेतला. वाटेंत झाडाखालीं त्यास झोंप लागली असतां साप आला, कापराच्या वासानें पुडीकडे वळला आणि खेकड्यानें त्याचा प्राण घेतला. ही गोष्ट मीं तीस-पस्तीस वर्षें वर्गांत सांगितली, तिचें तात्पर्यहि फळ्यावर लिहून दिलें. परंतु त्या इमानी सोबत्याच्या अंगांत असतें तरी काय, हें एकाहि विद्यार्थ्यानें मला विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि तें कधीं विचारावेंसें वाटलें नाहीं. तो प्रश्न यंदा आमच्या दारांत आपण होऊन चालत आला.

आमचें बिऱ्हाड विश्रांतवाडीस, आळंदीच्या रस्त्यापासून थोडें आंत आहे. ज्येष्ठ वद्यांत माउलींची पालखी दिघीवरून याच रस्त्यानें पुण्यास जाते. त्यामुळें ते दोन दिवस घर पाहुण्यांनीं भरलेलें असतें. यंदा पालखीच्या आदल्या रात्रीं पाऊस कोसळला. मागचा ओढा भरून वाहूं लागला. पहांटे सूनबाईंनीं मोरीचें दार लोटलें, तों फटींत कांहींतरी करकरलें. पाहतात तों मुठीएवढा खेकडा! त्याच्या नांगीला चीर गेली होती. मुलें गोळा झालीं, कोणी झाडू घेऊन धांवलें. आमचा थोरला नातू प्राणिशास्त्र घेऊन एम्. एस्सी. करीत आहे. त्यानें सर्वांस मागें सारलें आणि मला म्हणाला, "आजोबा, चष्मा लावून या."

फरशीवर दोन-तीन थेंब पडले होते. मीं वांकून पाहिलें. ते तांबडे नव्हते. पाण्यासारखे, किंचित् निळसर झांक असलेले होते. आम्ही बोलत होतों तेवढ्यांत ते पेजेसारखे थिजूं लागले. माझी थोरली बहीण, घरांतील सर्वांची अक्का, शेजारीं उभी होती. ती म्हणाली, "अगबाई, याच्या अंगांत रक्तच नाहीं!"

"अक्काआजी, हेंच त्याचें रक्त," नातू म्हणाला, "आणि आपल्या रक्तापेक्षां याला अधिक कामें करावीं लागतात."

त्या दिवशीं व नंतर त्यानें मला जें समजावून दिलें, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत खेकड्यास प्रवेश नाहीं, आमच्याहि नाहीं. पण ओसरीवर आलेल्या पाहुण्याची विचारपूस करण्यास हरकत नसावी. सुश्रुतानेंहि कर्कटकाची गणना 'पादिन' म्हणजे पाय असलेल्या जलचरांत, कासव-मगरींच्या पंक्तीला केली आहे.

प्रथम रंगाविषयीं. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य हिमोग्लोबिन होय. त्यांत लोह असतें, म्हणून रक्त तांबडें. खेकडा, कोळंबी, शेवंड यांच्या रक्तांत तेंच काम हिमोसायनिन नांवाचें प्रथिन करतें, आणि त्यांत लोहाऐवजीं तांबें असतें. तांब्याचे दोन अणु मिळून प्राणवायूचा एक रेणु धरतात. धरला म्हणजे निळा रंग येतो, सोडला म्हणजे रंग जातो. हें द्रव्य आपल्याप्रमाणें रक्तपेशींत बांधून ठेवलेलें नसतें, तर रक्तरसांतच विरघळलेलें असतें. शिवाय खेकड्याचें रक्त शेवटपर्यंत नळ्यांतून वाहत नाहीं. हृदयापासून तें कांहीं वाहिन्यांनीं निघतें आणि पुढें अवयवांमधील पोकळ्यांत मोकळें सुटतें. सारे अवयव त्यांत न्हात असतात. ज्या वाड्याला एकच मोठा चौक आहे आणि सर्व खोल्यांचीं दारें त्या चौकांत उघडतात, तसें हें शरीर समजावें. चौकांत जें येईल तें सर्वांपर्यंत पोंचतें. धान्याचें पोतेंहि आणि चोरहि.

हा खेकडा आपल्या दख्खनचा जुना रहिवासी आहे. पुण्याकडे नेमणूक असलेले कर्नल साइक्स हे इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकांत या प्रांताची पाहणी करीत हिंडत होते. त्यांनीं येथील बिळें करून राहणाऱ्या खेकड्यांची हकीकत लिहून ठेवली, आणि १८३६ सालीं वेस्टवुड या प्राणिशास्त्रज्ञानें त्या जातीला लॅटिन भाषेंतील नांव दिलें. त्याचें आजचें शास्त्रीय नांव बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थच बिळें करणारा. पुढें १९७० च्या दशकांत औरंगाबादेस, त्या वेळच्या मराठवाडा विद्यापीठांत, डॉ. नागभूषणम् व त्यांचे विद्यार्थी यांनीं याच खेकड्याच्या शरीरव्यापारांचा आणि प्रजननकाळांत त्याच्या अवयवांत होणाऱ्या रासायनिक बदलांचा अभ्यास केला. तेव्हां हा विषय दूरच्या समुद्रावरचा नव्हे, आपल्या बांधावरचा आहे.

आतां मुख्य गोष्ट. प्राणवायूवांचून जीव नाहीं. पण प्राणवायु हा अग्नीचा सोबती आहे. चुलींत लांकूड नीट जळत असलें तरी एखादी ठिणगी उडतेच. तसेंच शरीराच्या प्रत्येक पेशींत अन्न जळत असतां प्राणवायूचे कांहीं अर्धवट, उतावळे कण बाहेर पडतात. सुपरऑक्साइड हा त्यांतला एक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हें त्याचें भावंड. हे ज्यास भेटतील त्यास डंवचतात, आणि त्यांचें आवडतें भक्ष्य म्हणजे स्निग्ध पदार्थ. हें गृहिणींस निराळें सांगावयास नको. दाण्याचें कूट किंवा खोबऱ्याची वाटी उन्हाळ्यांत उघडी राहिली कीं खवट होते. खवटपणा म्हणजे तेलाच्या रेणूंना प्राणवायूनें लावलेली मंद आग. ती एका रेणूवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते. म्हणून एक दाणा खवट झाला कीं सारा डबा टाकावा लागतो. पेशीची भिंत मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचीच असते. ती 'खवट' होऊं लागली कीं पेशी गळूं लागते.

ही आग आवरण्यासाठीं पेशींत पहारेकरी नेमलेले असतात. ज्यांना आजकाल अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हेच; आपण त्यांस दाहनिवारक म्हणूं. पहिला पहारेकरी सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हें विकर. त्याचें कार्य १९६९ सालीं मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं अमेरिकेंत उघडकीस आणलें. तें सुपरऑक्साइडचें रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्यें करतें. दुसरें विकर कॅटॅलेज. तें त्या पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करून टाकतें. तिसरी फळी ग्लुटाथायोन या लहानशा द्रव्याची व त्याच्या सहाय्यक विकरांची. खवट होऊं लागलेल्या स्निग्ध द्रव्यांनाहि तीच सांवरते. ई जीवनसत्त्व त्या आगीची सांखळी मध्येंच तोडतें. हा बंदोबस्त आपल्यांत आहे तसाच खेकड्यांतहि आहे.

एक फरक मात्र मोठा मौजेचा आहे. आपल्या पेशींच्या रसांत जें सुपरऑक्साइड डिसम्यूटेज असतें, त्याला तांबें व जस्त लागतें. खेकड्याच्या घरीं तर तांब्याचा मोठा कारभार. मग त्याचा पहारेकरी तांब्याचाच असेल असें कोणासहि वाटेल. परंतु ब्रौवर व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखवून दिलें कीं, निळ्या रक्ताच्या या प्राण्यांच्या पेशीरसांत ती जागा मॅंगनीजवर चालणाऱ्या विकरानें घेतली आहे. कात टाकतांना खेकड्याच्या अंगांत हिमोसायनिन मोडतें व पुन्हा बनतें, आणि त्याबरोबर तांब्याचा सांठा सारखा वरखालीं होतो. अशा वेळीं पहाऱ्याची तलवारहि त्याच धातूची असती तर पहारा रोज डळमळला असता. शिवाय सुटें तांबें स्वतःच ठिणग्या पाडतें. म्हणून पहारा निराळ्या धातूवर सोंपविलेला बरा.

आतां स्निग्ध द्रव्यांकडे वळूं. खेकड्याच्या पाठीच्या कवचाखालीं एक मोठी पिवळसर ग्रंथि असते. यकृत् व स्वादुपिंड या दोहोंचीं कामें ती एकटी करते. पचविलेलें तेल-तूप तिच्यांत सांठतें. तेंच घरचें कोठार. यांत एक द्रव्य असें आहे कीं जें खेकड्याला स्वतः बनवितां येत नाहीं, आणि तें म्हणजे कोलेस्टेरॉल. आम्ही म्हातारे ज्याच्या नांवानें भितों, तें खेकड्याला अन्नांतून मिळवावेंच लागतें. कारण कात टाकावयास लावणारा संप्रेरक रस त्यापासूनच बनतो. कोंकणांत कोळंबी पाळणारे तिच्या खाद्यांत कोलेस्टेरॉल मुद्दाम मिसळलेलें असेल असें पाहतात, हें ऐकून आमच्या सौ. बराच वेळ हंसत होत्या.

कोठारांतील तेल अवयवांपर्यंत पोंचवावयाचें कसें? तेल पाण्यांत मिसळत नाहीं. म्हणून रक्तांत हमाल लागतात: प्रथिनांचे हमाल, जे पाठीवर स्निग्ध द्रव्य घेऊन फिरतात. आपल्या रक्तांतहि ते आहेत. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर एच्. डी. एल्. म्हणून लिहिलेलें असतें, तो त्यांतलाच एक. स्वीडनमधील उप्साला येथें सोडरहॉल नांवाचे शास्त्रज्ञ गोड्या पाण्यांतील शेवंडीसारख्या एका प्राण्यावर दीर्घकाळ काम करीत आले. त्यांच्या मंडळींत एक प्रथिन ओळखीचें होतें. बुरशीच्या अंगावर ग्लुकन नांवाची साखर असते. ती चौकांत आली कीं हें प्रथिन तिला धरतें आणि रक्तपेशींना हांक घालतें. दुसरें एक प्रथिन जखमेशीं रक्त थिजवितें. १९९५ सालीं हॉल, व्हॅन ह्यूसडेन व सोडरहॉल यांनीं या प्राण्याच्या रक्तांतील तेलाचे हमाल वेगळे काढून पाहिले, आणि काय आढळलें? बुरशीला ओळखणारें प्रथिन तोच मुख्य हमाल. आणि रक्त थिजविणारें प्रथिन तो दुसरा!

म्हणजे आमच्या फरशीवर जें पेजेसारखें थिजत होतें, तें जखम बुजविणारें द्रव्य तेल वाहणाऱ्यांच्याच घराण्यांतलें होतें. ज्या गड्याच्या पाठीवर धान्याचें पोतें, त्याच्याच हातीं रात्रीच्या पहाऱ्याची काठी.

हांक ऐकून रक्तपेशी धांवतात तेव्हां आणखी एक नवल घडतें. ज्या ठिणग्या विझविण्यासाठीं एवढा बंदोबस्त, त्याच ठिणग्या त्या पेशी जाणून-बुजून पाडतात आणि शत्रूवर फेंकतात. त्याबरोबर एक विकर जागें होऊन जखमेभोंवतीं काळें द्रव्य बनवितें. त्यांत जंतु कोंडले जातात. खेकड्याची चिरलेली नांगी दुपारपर्यंत काळवंडली होती, ती यामुळें. तेव्हां अग्नि हा केवळ शत्रु नव्हे. तो चुलींत हवा, मशालींत हवा. छपराला लागतां कामा नये, इतकेंच.

येथवर ऐकल्यावर मीं नातवास विचारलें, "एकच माणूस दोन कामें करतो हें ठीक, पण दोन्ही कामें एकदम आलीं तर?" तो म्हणाला, "आजोबा, तोच तर खरा प्रश्न आहे."

खेकड्याला शिल्लक कशासाठीं हवी? एक, कात टाकण्यासाठीं. त्या दिवसांत तो कांहीं खात नाहीं व मऊ अंगानें लपून बसतो. दुसरें, पिलांसाठीं. समुद्रांतले खेकडे बारीक बारीक अंडीं लाखांनीं घालतात आणि पिलें पाण्यावर सोडून देतात. आपल्या गोड्या पाण्यांतल्या खेकड्याची मादी तसें करीत नाहीं. ती थोडीं, पण मोठीं अंडीं घालते, तीं पोटाखालच्या झांकणींत धरून ठेवते, आणि त्यांतून लहानसे पण पुरे घडलेले खेकडेच बाहेर येतात. त्या प्रत्येक अंड्यांत बलकाच्या रूपानें शिदोरी बांधून द्यावी लागते. ती शिदोरी म्हणजे स्निग्ध द्रव्यें व प्रथिनें. आईच्या कोठारांतून, रक्ताच्या चौकांतून आलेलीं.

अशा वेळीं पाण्यांत तांबें, कॅडमियम, पारा किंवा कीटकनाशक आलें तर काय होतें, यावर खेकडे व कोळंबी यांवर जगभर प्रयोग झाले आहेत. बहुधा क्रम असा दिसतो: प्रथम पहारा वाढतो, विकरें जोरानें काम करूं लागतात. मग विषाचा मारा चालूच राहिला तर तीं थकतात. स्निग्ध द्रव्यें खवट झाल्याची खूण रक्तांत व ग्रंथींत वाढते. आणि कोठारांतील सांठा उतरतो. प्राणी लगेच मरतोच असें नाहीं. तो चालतो, खातो, बाहेरून धडधाकट दिसतो. पण जें पिलांसाठीं होतें तें पहाऱ्यावर खर्चून गेलेलें असतें.

हें ऐकतांना मला आमच्या मावळांतील घराची आठवण झाली. १९७२ सालीं अक्का मॅट्रिक होऊन दोन वर्षें झालीं होतीं आणि तिनें पुण्यास जाऊन शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला बसावें असें ठरलें होतें. वडिलांनीं पोस्टाच्या पुस्तकांत तेवढी रक्कम जमविली होती. त्याच पावसाळ्यांत धाकट्या काकांस क्षय झाल्याचें निघालें. घर एकत्र, पुस्तकहि एकच. औषधें, दूध, पुण्याच्या खेपा, यांत दीड वर्षांत पुस्तक रिकामें झालें. काका बरे झाले आणि पुढें चाळीस वर्षें जगले. अक्काचें शिक्षण राहिलें तें राहिलेंच. मीहि मॅट्रिकवर थांबलों. एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृत शिकलों म्हणून मास्तर तरी होऊं शकलों. यांत कोणाची चूक नव्हती. पहारा करणें अवश्य होतें. पण बाहेरून पाहणाऱ्यास आमच्या घरांत कांहींच बिघडलेलें दिसलें नसतें. काय गेलें तें पुस्तकांतला आंकडा पाहणाऱ्यासच कळलें असतें.

खेकड्याचें रक्त तपासणारे शास्त्रज्ञ तेंच पुस्तक उघडून पाहतात. ओढ्यांत खेकडे दिसतात म्हणून ओढा चांगला, असें म्हणून भागत नाहीं. त्यांच्या रक्तांत शिल्लक किती व पहाऱ्याचा खर्च किती, हें पाहिलें म्हणजे पुढच्या वर्षीं तेथें खेकडे असतील कीं नाहीं, याचा अदमास बांधतां येतो.

येथें सूनबाईंनीं एक शंका काढली, ती वाचकांच्याहि मनांत आली असेल. परदेशीं असलेला माझा पुतण्या दरवर्षीं आम्हां वृद्धांसाठीं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली पाठवितो. "बाबा, आग विझविणारें औषध जितकें जास्त तितकें बरेंच ना?" असें त्यांनीं विचारलें. याचें उत्तर फिनलंड देशांतील एका मोठ्या प्रयोगानें १९९४ सालीं दिलें आहे. धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडून त्यांतील कांहींना बीटा-कॅरोटीन, कांहींना ई जीवनसत्त्व, कांहींना दोन्ही व कांहींना नुसत्या पोकळ गोळ्या दिल्या. अपेक्षा होती कीं फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. गाजर खाऊं नये असा याचा अर्थ नव्हे. ताट चौरस असावें, भाज्या-फळें असावींत, हें जुनेंच खरें. परंतु बाटलींतला पहारेकरी मनाला येईल तितका नेमूं नये. गोळी घ्यावयाची तर डॉक्टरांस विचारूनच. आमची बाटली मीं कपाटांत ठेवून दिली आहे आणि पुतण्यास तसें पत्र लिहिलें आहे.

संध्याकाळीं खेकड्याला बादलींत घालून आम्ही ओढ्यावर गेलों. पालखी पुढें गेली होती. रस्त्यावर अजून वारकऱ्यांची वर्दळ होती. आमच्या घरामागें ओढ्याच्या पाण्यावर साबणाचा पांढरा फेंस तरंगत होता, आणि कोणीं तरी रंगाचा डबा कांठावर धुतला होता, त्याची हिरवी रेघ पाण्यांत उतरत होती. नातवानें खेकड्याला उलथा करून पाहिलें. पोटावरची झांकणी रुंद होती. म्हणजे ती मादी होती. पिलें मात्र अजून नव्हतीं.

अक्का आमच्याबरोबर आली होती. बादली खालीं ठेवूं लागलों तेव्हां ती म्हणाली, "इथें नको रे. वर धानोरीच्या अंगाला जरा बरें पाणी असेल, तिथें ने." तिचे गुडघे दुखतात, तरी ती काठी टेंकीत वरपर्यंत आली. बादली कलती केल्यावर ती मादी क्षणभर थांबली, मग तिरकी चालत दगडाखालीं गेली.

वाचकांस माझी विनंति मोठी नाहीं. रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या, फुटलेल्या तापमापकांतील पारा आणि झुरळांचीं उरलेलीं औषधें मोरींत किंवा ओढ्यांत जाऊं देऊं नयेत; तीं वेगळीं बांधून घातक कचरा म्हणून द्यावींत. तेवढें केल्यानें नदी स्वच्छ होणार नाहीं, हें मलाहि कळतें. पण आपल्या मोरीचें पाणी कोणाच्या तरी चौकांत जाऊन पोंचतें, एवढें तरी ध्यानांत राहील.